इन्व्हर्टरला पाणी कोण घालणार?

२०२५ चा मे महिना आठवतोय ना, मैत्रिणींनो? ऐन उन्हाळ्यात पावसाळा लागला होता. वळवाचा पाऊस आमच्या सोलापूरकडच्या लोकांना नवा नाही, पण त्या वर्षी तो थांबायचं नावच घेईना. पापड-कुरडया गच्चीवरून रोज पळत खाली आणायच्या, दुसऱ्या दिवशी परत वर. मे संपायच्या आत मान्सूनच येऊन दारात उभा राहिला. अशाच एका रात्री साडेअकराच्या सुमारास कडाड्‌कन वीज पडली आणि लाईट गेली.

लाईट गेली म्हणून आमच्या घरात कुणी उठत नाही. इन्व्हर्टर आहे ना! पंखा क्षणभर थांबतो, टक् असा आवाज होतो आणि पुन्हा फिरायला लागतो. त्या रात्रीही तसंच झालं. मी कूस बदलली. आणि पंधरा-वीस मिनिटांत तो कर्कश बीप बीप आवाज सुरू झाला. मग तोही बंद. पंखा बंद, नाईट लॅम्प बंद, आणि सासूबाईंच्या खोलीतलं यंत्र बंद.

ते यंत्र म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर. २०२१ च्या करोनात सासरे गेले, सासूबाई वाचल्या, पण त्यांची फुफ्फुसं पहिल्यासारखी राहिली नाहीत. रात्री झोपताना त्यांना हे यंत्र लागतं. खोलीतल्या हवेतूनच ते ऑक्सिजन वेगळा काढून देतं, त्यामुळे सिलिंडर भरून आणायची कटकट नाही. पण वीज मात्र लागते, आणि दोन पंख्यांपेक्षा पुष्कळ जास्त लागते. आमचं पाच लिटरचं आहे, ते साडेतीनशे वॅट खातं.

पुढचा पाऊण तास मी विसरणार नाही. सासूबाईंना उशांना टेकवून बसतं केलं, मुलगी वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घालत होती, आणि आमचे हे भर पावसात स्कूटर काढून मंडळाच्या कार्यकर्त्याला उठवायला गेले. करोनाच्या काळात आमच्या मंडळानं जमवलेले चार छोटे सिलिंडर अजून कार्यालयात होते, त्यातला एक भरलेला निघाला म्हणून निभावलं. सासूबाई मात्र शांत होत्या. एकच वाक्य बोलल्या, ‘‘अगं, मामंजी असते तर ही वेळ आली नसती.’’

त्याचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला.

सकाळी बॅटरीवाला आला. आल्या आल्या त्यानं विचारलं, ‘‘साहेब आहेत का?’’ साहेब रात्रभर जागून झोपले होते. म्हटलं, मलाच सांगा काय ते. त्यानं बॅटरीवरचे वर्तमानपत्रांचे गठ्ठे बाजूला केले, सहा टोपणं उघडली, टॉर्च मारला आणि म्हणाला, ‘‘वहिनी, यात पाणी कधी घातलं होतं?’’

मी त्याच्याकडे बघत राहिले. घरातल्या माठात, फिल्टरमध्ये, कूलरमध्ये, तुळशीला, कुंड्यांना, मांजराच्या वाटीत, सगळीकडे पाणी मीच घालते. पण बॅटरीला? ते माझं काम आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. यांना वाटायचं, दुकानदार येऊन बघत असेल. दुकानदार म्हणतो, ‘‘फ्री सर्व्हिस वर्षभराचीच होती.’’ आमच्या घरात पहिला इन्व्हर्टर आला २००८ साली. ती बॅटरी सहा वर्षं चालली. २०१४ साली दुसरी घेतली, ती आठ वर्षं चालली. २०२२ च्या एप्रिलमध्ये तिसरी घेतली आणि ती तीन वर्षांत मेली! पहिल्या दोघींना सासरे दर अमावास्येला उघडून बघायचे. अमावास्येचा शकुन-अपशकुन काही नव्हता हो, कॅलेंडरवर काळा ठिपका दिसला की आठवण व्हावी म्हणून. ते गेले आणि त्यांच्याबरोबर ते कामही गेलं. आम्ही त्यांचा चष्मा जपून ठेवला, घड्याळ जपून ठेवलं. अमावास्या कुणाच्या लक्षात राहिली नाही.

आता तुम्ही म्हणाल, भारनियमन तर कधीच संपलं, मग हे इन्व्हर्टर पुराण आज कशाला? तर जरा मागे जाऊ या.

आपल्या गावांत इन्व्हर्टर आला तो भारनियमनाचं बोट धरून. दाभोळचा प्रकल्प २००१ साली बंद पडला, विजेची मागणी वाढत गेली, नवी निर्मिती त्या वेगानं झाली नाही. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा वेगवेगळ्या कंपन्या झाल्या, पण तुटवडा होता तो होताच. त्या वर्षांत तालुक्याच्या गावाला आठ-आठ, दहा-दहा तास आणि खेड्यांना त्याहून जास्त अंधार असायचा. वर्तमानपत्रात छापून आलेलं भारनियमनाचं वेळापत्रक आपण स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवत होतो. मिक्सर कधी लावायचा, गिरणीत दळण कधी टाकायचं, मोटर कधी चालू करायची हे त्या कागदावर ठरायचं. दहावी-बारावीची मुलं कंदिलावर अभ्यास करायची, आणि ज्यांना परवडलं त्यांनी इन्व्हर्टर घेतला. २०१२ च्या अखेरीस सरकारनं जास्त गळतीचे फीडर सोडून बाकी राज्य भारनियमनमुक्त झाल्याचं सांगितलं. पण २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये कोळशाची टंचाई झाली, तेव्हा ते परत आलं. २०२२ च्या एप्रिलमध्ये पुन्हा एकदा आलं.

एरवी आता वेळापत्रक नसतं, आणि मला विचाराल तर तीच अडचण आहे. पूर्वी लाईट कधी जाणार हे ठाऊक असायचं. आता वादळात झाड पडतं, डीपी जळते, देखभालीसाठी पुरवठा बंद ठेवतात आणि लाईट कधीही जाते. रोज जात नाही, म्हणून आपण बेसावध. पूर्वी बॅटरी रोज वापरात असायची, तिची कुरकुर रोज कानावर यायची. आता ती जिन्याखाली महिनोन्‌महिने गप्प पडून असते. आतून आटत जाते आणि ज्या रात्री हवी असते नेमक्या त्याच रात्री आपल्याला कळतं. एकीकडे घरातलं विजेवरचं अवलंबन वाढलंय. आजारी माणसाचं यंत्र, मुलांचा अभ्यास मोबाईलवर, घरून काम करणाऱ्या सुनेचा लॅपटॉप, फ्रिजमधलं इन्सुलिन. पूर्वी अंधारात भीती होती ती फार तर डासांची.

आणखी एक गोष्ट मला खटकते. वीज अखंड मिळावी ही जबाबदारी खरं तर व्यवस्थेची. ती जेव्हा पुरी होत नाही, तेव्हा प्रत्येक घर आपल्या पैशानं आपलं छोटं वीजकेंद्र उभं करतं. ज्याला परवडत नाही तो अंधारात बसतो. आणि ते केंद्र घरात आलं की त्याची देखभाल कुणाची, हे कुणी ठरवतच नाही. खरेदी पुरुषांनी केलेली, वॉरंटी कार्ड त्यांच्या कपाटात, पुस्तिका इंग्रजीत. बॅटरी मात्र आपल्या घरात, आपण जिथे केर काढतो तिथे!

बॅटरीवाल्याला मी त्या दिवशी सोडलं नाही. दोन कप चहा पाजला आणि सगळं विचारून घेतलं. नंतर भाच्याकडून खात्री करून घेतली, तो इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालाय. मी बी.ए. मराठीवाली, मला समजलं तर तुम्हालाही समजेलच.

आपल्या बहुतेक घरांत असते ती शिसं आणि ॲसिडची बॅटरी. बारा व्होल्टची, म्हणजे आत दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे. प्रत्येक कप्प्यात शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेलं गंधकाचं ॲसिड. बॅटरी चार्ज होताना त्यातल्या पाण्याचे हळूहळू दोन वायू होतात, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, आणि ते टोपणांतून बाहेर पडतात. पाणी कमी होतं, ॲसिड तसंच राहतं. आमटी गॅसवर आटत ठेवली की पाणी जातं आणि मीठ मागे राहतं, तसंच. मग आमटी खारट झाली तर आपण वरून काय घालतो? पाणी. मीठ नाही! बॅटरीतही पाणीच घालायचं, ॲसिड कधीही नाही. गावात काही जण ‘थोडं ॲसिड टाकतो, पॉवर वाढेल’ म्हणतात. त्यांना दारातूनच परत पाठवा.

पाणी म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीच्या दुकानात कॅन मिळतो. नळाचं नको, बोअरचं तर नकोच. आमच्याकडच्या बोअरच्या पाण्यानं पातेल्याला पांढरा थर बसतो, तेच क्षार प्लेटांवर काम करतील. ‘आमच्याकडे आरओ आहे’ असं एक ताई म्हणाल्या. आरओच्या पाण्यातही थोडे क्षार राहतातच, ते प्यायला चांगलं, बॅटरीला नाही. एसीचं गळणारं पाणी आणि पावसाचं पाणीही नको. पंधरा हजारांच्या वस्तूला शंभर-सव्वाशेचा कॅन महाग नाही.

किती घालायचं? नव्या धाटणीच्या ट्यूब्युलर बॅटरीवर प्रत्येक टोपणाला एक छोटा फ्लोट असतो, काडीसारखा. त्याच्यावर हिरवी-लाल खूण असते. काडी लालवर बसली की पाणी हवं. हिरव्याच्या वरच्या खुणेपर्यंत भरायचं आणि थांबायचं. काठोकाठ भरलं तर चार्ज होताना ते ॲसिड घेऊन उतू जातं आणि फरशी खातं. एरवी दोन-तीन महिन्यांनी बघितलं तरी चालतं, पण मार्च ते जून दर महिन्याला बघा. बॅटरीला उष्णता सोसत नाही. सतत दहा अंश जास्त तापमानात राहिली तर तिचं आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतं, असं जाणकार सांगतात. आमच्याकडे पारा ४३-४४ ला जातो आणि लोक बॅटरी ठेवतात पत्र्याच्या शेडमध्ये! घरातली सावलीची, हवेशीर जागा बघा.

हवेशीर का, तर तो हायड्रोजन. तो पेट घेतो. एरवी थोडाच असतो, उघड्या जागेत निघून जातो. पण बंद कपाटात, कोनाड्यात साठू शकतो. आमच्या ओळखीच्या तीन घरांत बॅटरी देवघराच्या खाली आहे, वर समई तेवतेय. देवाला दुसरी जागा शोधा किंवा बॅटरीला. तिच्यावर वर्तमानपत्रं, छत्र्या, जुन्या चपलांचे खोके ठेवायचे नाहीत. हे मी आता सांगतेय. माझ्याच बॅटरीवर चार महिन्यांची रद्दी होती.

आता पाणी घालायला बसताना. आधी इन्व्हर्टर बंद, त्याचा प्लगही काढायचा. आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठल्याही पुस्तिकेत आपल्या भाषेत लिहिलेलं नसतं: मंगळसूत्र आणि बांगड्या. बॅटरीच्या दोन टोकांवर एकाच वेळी धातू टेकला तर प्रचंड करंट त्यातून वाहतो. त्या क्षणी सोनं असो की पोलाद, ते लालबुंद तापतं. बॅटरीवर वाकल्यावर गळ्यातलं लोंबणारं मंगळसूत्र नेमकं त्या दोन टोकांच्या मध्ये येतं. आमच्या बचत गटात मी हे सांगितलं तेव्हा दोघीतिघी गप्प झाल्या. मंगळसूत्र काढून ठेवायचं म्हटलं की पोटात कालवतं, मला समजतं ते. मग तोडगा काढला. मंगळसूत्र आत घालून पदर घट्ट खोचायचा आणि पिन लावायची. हातातल्या पाटल्या-बांगड्या, अंगठी मात्र काढायचीच, किंवा कोपरापर्यंत येणारे रबरी हातमोजे घालायचे. हातमोजे तसेही हवेतच, ॲसिडचा थेंब सुती साडीवर पडला की दुसऱ्या धुण्यात तिथे भोक दिसतं. डोळ्यांवर चष्मा असावा. मुलांना जवळ येऊ द्यायचं नाही. आणि चुकून अंगावर किंवा डोळ्यात उडालंच, तर लगेच भरपूर साध्या पाण्यानं निदान पंधरा मिनिटं धूत राहायचं आणि दवाखाना गाठायचा. तूप, हळद, टूथपेस्ट काहीही लावायचं नाही.

टोकांवर पांढरट-हिरवट भुकटी जमते ती बघितली असेल. त्यामुळे करंट अडतो. कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशनं ती निघते. सोड्याचं पाणी टोपणांच्या आत जाता कामा नये, म्हणून टोपणं घट्ट लावून मगच हे काम. कोरडं पुसून वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवायचा. वायरी सोडवायची वेळ आली तर आधी निगेटिव्ह, काळी, सोडायची आणि लावताना ती शेवटी लावायची. पण ते मी स्वतः करत नाही, मेकॅनिकलाच सांगते. सगळंच आपण करून दाखवायला हवं असं नाही.

एक हिशोब मात्र प्रत्येकीनं करून बघावा. बॅटरीवर १५० एएच लिहिलेलं असतं. त्याला १२ नं गुणा, १८०० वॅट-अवर होतात. म्हणजे १.८ युनिट. पंधरा हजारांच्या त्या धोंड्यात दोन युनिटसुद्धा वीज मावत नाही! त्यातही तळ खरवडायचा नाही. बॅटरी पूर्ण रिकामी करून तशीच ठेवली की प्लेटांवर गंधकाचे खडे धरतात. रात्रीचं पिठल्याचं पातेलं सकाळपर्यंत तसंच ठेवल्यावर जसं वाळून घट्ट बसतं, तसं. मग घासून निघत नाही. म्हणून निम्मी वापरायची, ९०० वॅट-अवर. इन्व्हर्टर त्यातली थोडी स्वतः खातो, हाती येतात साधारण ७००.

दोन जुने पंखे १५० वॅट, नऊ वॅटचे चार दिवे ३६, वायफाय वगैरे दहा-पंधरा. झाले दोनशे. म्हणजे साडेतीन तास. तेच पंखे नवे, कमी विजेचे बीएलडीसी असतील तर दोन्ही मिळून साठच वॅट घेतात. बेरीज शंभर-दीडशेच्या आत येते आणि साडेतीन तासांचे सहाच्या पुढे जातात. दुसरी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलायचा विचार करा. आणि आमचं यंत्र? साडेतीनशे वॅटला दोन तास. तेही बॅटरी धडधाकट असेल तर. त्या रात्री तिच्या पोटात काहीच नव्हतं. घरात असं यंत्र असेल तर डॉक्टरांना विचारून भरलेला छोटा सिलिंडर हाताशी ठेवाच, नुसत्या बॅटरीच्या भरवशावर राहू नका. शिवाय अशा यंत्राला शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर लागतो, जुना घरघर करणारा चालत नाही.

पैशाचंही बघा. बॅटरी पाच वर्षं टिकली आणि रोज सरासरी अर्धं युनिट तिच्यातून वापरलं, तर साधारण नऊशे युनिट झाले. पंधरा हजार भागिले नऊशे, म्हणजे साडेसोळा रुपये युनिट, वीजबिलाचे वेगळे. तीच बॅटरी दोन वर्षांत मेली तर एकेचाळीस रुपये युनिट! २२ सप्टेंबर २०२५ पासून या बॅटऱ्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला, त्याचं स्वागतच आहे. पण त्यात वाचतं त्यापेक्षा कितीतरी जास्त त्या शंभर रुपयांच्या कॅनमध्ये वाचतं.

दिवाळीत किंवा सुट्टीत गावाला जाताना आपण आणखी एक चूक करतो. शहाणपणानं मेन स्विच बंद करून जातो. इन्व्हर्टरला बिचाऱ्याला वाटतं लाईट गेली! तो बॅटरीवर चालू होतो आणि घरात एकही दिवा चालू नसला तरी स्वतःपुरती वीज खात राहतो. आठ-दहा दिवसांनी परत येतो तेव्हा बॅटरी ठार रिकामी. जायच्या आधी पाणी बघा. मेन बंद करायचाच असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज करून इन्व्हर्टर त्याच्या बटणानंही बंद करा. आणि लाईट महिनोन्‌महिने गेलीच नाही, तर महिन्यातून एकदा मुद्दाम इन्व्हर्टरवर घर चालवून बघा. तासभर टिकतंय का, हे संकट येण्याआधी कळलेलं बरं.

सध्या जिथे जावं तिथे सोलरची चर्चा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची ‘पीएम सूर्य घर मुफ्त बिजली योजना’ सुरू झाली. एका किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा त्याहून जास्त असेल तर ७८ हजार रुपये अनुदान. आमच्या गल्लीतच पाच छतांवर पॅनेल चढली. योजना चांगली आहे, बिलं खरंच उतरली आहेत. पण त्यातल्या एक वहिनी एका दुपारी तावातावानं माझ्याकडे आल्या. ‘‘अहो, डोक्यावर सूर्य तळपतोय, छतावर दीड लाखाची पॅनेलं आहेत, आणि माझ्या घरात पंखा बंद!’’

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बिन-बॅटरीचं, लाईनला जोडलेलं सोलर हे लाईट गेली की आपोआप बंद होतं. तसं ते मुद्दाम केलेलं असतं. खांबावर चढलेला लाईनमन लाईन बंद आहे असं समजून काम करत असतो. त्या वेळी तुमच्या छतावरची वीज उलटी तारेत गेली तर त्याचा जीव जाईल. कारण रास्त आहे. पण विकणाऱ्यानं ते आधी सांगायला हवं की नको? लाईट गेल्यावरही सोलर हवं असेल तर हायब्रीड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि त्या बॅटरीला या योजनेत वेगळं अनुदान नाही. माझी एक भाची ऑस्ट्रेलियात असते. तिथे जुलै २०२५ पासून सरकार घरच्या बॅटरीच्या किमतीत साधारण तीस टक्के सवलत देतं. आपल्याकडे लगेच तसं होईल असं मी म्हणत नाही. पण ‘मोफत वीज’ या दोन शब्दांच्या खाली, ‘लाईट गेल्यावर चालणार नाही’ हे तितक्याच मोठ्या अक्षरांत छापायला पैसे पडत नाहीत.

सोलरबरोबर आता लिथियमच्या बॅटऱ्याही आल्या आहेत. त्यांना पाणी लागत नाही, हलक्या असतात, जास्त वर्षं टिकतात. महाग आहेत. आणि जुन्या इन्व्हर्टरला नुसती लिथियम जोडून चालत नाही, त्याची चार्ज करायची पद्धत जुळावी लागते. दुकानदार ‘चालतं हो’ म्हणाला तर बिलावर लिहून घ्या.

शेवटचं, आणि मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मेलेल्या बॅटरीचं काय केलंत? आमच्याकडे बॅटरीवाल्याच्या आधीच हातगाडीवरचा भंगारवाला येऊन उभा होता. रोख पैसे देत होता, दुकानदारापेक्षा तीनशे जास्त. पन्नास-साठ किलोची ती वस्तू, त्यातलं निम्म्याहून अधिक शिसं. हा माणूस पुढे ती कुठे देणार? कुठल्या तरी वस्तीच्या मागे ती फोडतात, ॲसिड गटारात ओततात, शिसं उघड्यावर वितळवतात. ती धूळ अंगणात बसते, रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते, हात तोंडात जातो. शिशाचं कुठलंही प्रमाण मुलांना सुरक्षित नाही असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, ते मेंदूच्या वाढीवरच घाव घालतं. युनिसेफच्या २०२० च्या अहवालाप्रमाणे जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात धोक्याच्या पातळीवर शिसं आहे. पश्चिम आफ्रिकेत सेनेगलमधल्या डाकारजवळच्या एका वस्तीत २००७-०८ च्या काही महिन्यांत अठरा लहान मुलं दगावली. जुन्या बॅटऱ्यांचं शिसं तिथल्या मातीत मिसळलेलं होतं आणि घरच्या बायका ती माती चाळून शिसं विकत होत्या. चार पैसे मिळावेत म्हणून ती माती त्यांनी घरात आणली होती.

आपल्याकडे बॅटऱ्यांसाठी नियम २००१ पासून आहेत, ऑगस्ट २०२२ मध्ये ते आणखी कडक झाले. जुनी बॅटरी परत गोळा करायची जबाबदारी बनवणाऱ्यांवर आहे, आणि ती इतर कचऱ्यात न टाकता योग्य ठिकाणी देणं आपल्यावर. म्हणून ती दुकानातच द्या, बिलात जुन्या बॅटरीची वजावट दाखवायला सांगा, पावती घ्या. आमचे हे म्हणाले, ‘‘तीनशे रुपये सोडतेस?’’ सोडले. भंगारवाल्याचीही दोन लेकरं हातगाडीवर बसलेली होती.

जूनच्या बैठकीत मी हा विषय गटात काढला. अठरा जणींपैकी अकरा जणींकडे इन्व्हर्टर. बॅटरीवाल्याला बरोबर घेऊन आम्ही एका रविवारी सात घरं फिरलो, टोपणं उघडली. चार ठिकाणी प्लेटा उघड्या पडलेल्या! त्यानं आधी प्लेटा बुडतील इतकंच पाणी घातलं, रात्रभर चार्ज करायला लावलं आणि दुसऱ्या दिवशी खुणेपर्यंत भरलं. त्यातल्या दोन पुन्हा चालू लागल्या, दोन गेल्या त्या गेल्याच. आता गटात पाच लिटरचे दोन कॅन, एक प्लास्टिकचं नरसाळं आणि हातमोज्यांच्या दोन जोड्या आहेत, त्या घराघरांत फिरतात. नरसाळ्यावर मार्करनं ‘फक्त बॅटरी’ लिहिलंय. नाहीतर आमच्याच एकीनं त्यानं तेल ओतायला घेतलं होतं.

आमच्या घरी मी कॅलेंडरवर खूण केलेली नाही. अमावास्या आली की सासूबाईच खोलीतून हाक मारतात, ‘‘अगं, पाणी बघितलंस का?’’ चष्मा लावून जिन्याशी खुर्ची टाकून बसतात आणि मी एकेक टोपण उघडते तसा टॉर्च धरतात. परवा बॅटरीवाल्याचा फोन आला, तो त्यांनीच उचलला. ‘‘साहेबांना द्या,’’ म्हणाला. म्हणाल्या, ‘‘साहेब ऑफिसला गेलेत. बोला, सहाच्या सहा काड्या हिरव्यावर आहेत.’’